दोन पूर्णांक नऊची तूट

“सर, हिवरगाव तीन किलोमीटर लांब सरकवा,” वकीलसाहेब दारातूनच म्हणाले.

सकाळचे सात वाजले होते. माझ्या तोंडात ब्रश होता, म्हणून मी नुसतं “कुठल्या बाजूला?” असं हातानं विचारलं.

“इंद्रपूरपासून लांब. बाकी दिशा तुम्ही ठरवा. भूगोल तुमचा विषय.”

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. तेव्हा मी हिवरगावच्या कॉलेजात भूगोल शिकवत होतो आणि अ‍ॅडव्होकेट माणिकराव चौसाळकर हे हिवरगाव विमानसेवा कृती समितीचे संस्थापक-अध्यक्ष होते. समिती एकवीस वर्षांची होती. तिनं मोर्चे काढले होते, निवेदनं दिली होती, एकदा लाक्षणिक उपोषण करून लाक्षणिक लिंबूपाणी घेतलं होतं. विमान तेवढं आलं नव्हतं. धावपट्टी मात्र तयार होती. कुठल्याशा मोठ्या माणसाच्या दौऱ्यासाठी ती बांधली गेली, तो दौरा रद्द झाला, आणि तेव्हापासून तिच्यावर बायका मिरच्या वाळवत आणि आमच्यासारखे लोक स्कूटर शिकत.

आता सरकारची एक नवी योजना निघाली होती. लहान गावं विमानानं जोडायची. आमच्या भागाच्या वाट्याला एक विमान होतं आणि मागणारी गावं दोन. एक आम्ही, दुसरं करडगाव. करडगाववाल्यांशी आमचं बोलणं जिल्हा मुख्यालयाच्या वादापासून बंद होतं.

“अट क्रमांक अकरा वाचा,” वकीलसाहेबांनी कागद माझ्या नाकासमोर धरला.

मी चूळ भरून वाचलं. दोन विमानतळांमधलं हवाई अंतर किमान दीडशे किलोमीटर हवं.

“आपण अर्जात किती लिहिलंय?”

“तुम्हीच लिहिलंय, सर. हिशेबाखालची सहीसुद्धा तुमचीच आहे. एकशे सत्तेचाळीस पूर्णांक एक.”

ते खरं होतं. आकडा मीच काढला होता आणि समितीनं तो अभिमानानं पत्रकावर छापला होता: ‘इंद्रपूर अवघ्या १४७ किलोमीटरवर! प्रवास केवळ पस्तीस मिनिटांचा!’ आम्ही जवळ आहोत, इंधन कमी लागेल, असा आमचा युक्तिवाद होता. एरवी इंद्रपूरला जायचं तर घाट उतरायचा, मग धरणाच्या पाण्याला वळसा घालायचा, असे दोनशे अडतीस किलोमीटर आणि एसटीचे सहा तास. सातव्या तासाला माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहू शकत असे. आता तोच जवळपणा आमच्या मुळावर आला होता.

“अकरा वाजता तपासणी अधिकारी येतायत,” वकीलसाहेब म्हणाले. “दुपारी त्या करडगावला जाणार. त्यांचं अंतर एकशे एकाहत्तर आहे. काहीतरी करा.”

“अंतर अंतर असतं, वकीलसाहेब.”

“पृथ्वी गोल आहे ना?”

“आहे.”

“मग ती गोलाई धरली होती का हिशेबात?”

“धरली होती.”

“अजून थोडी धरा.”

मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतला आणि तसाच ठेवला. वकीलसाहेबांनी चहा निवू दिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

“मागे तुम्हीच व्याख्यानात म्हणाला होतात, जमीन सरकते म्हणून.”

“सरकते. वर्षाला पाच सेंटीमीटर. आपल्याला दोन किलोमीटर नऊशे मीटर कमी पडतायत. अठ्ठावन्न हजार वर्षं लागतील.”

“मुदतवाढ मागता येईल,” वकीलसाहेब सवयीनं म्हणाले.

“आणि आपल्याबरोबर इंद्रपूरही सरकतं.”

“त्याला काय गरज आहे?” ते उसळून म्हणाले.

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही, कारण मला त्यांचं प्रकरण ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, सुनंदा, इंद्रपूरला दिलेली होती. लग्न लागलं तेव्हा भर मांडवात, व्याह्यांनी “या आता वरचेवर” म्हटल्यावर, वकीलसाहेब उत्साहाच्या भरात म्हणून गेले होते, “येईन तर विमानानंच येईन.” टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून आलं. वकिलाचा छापून आलेला शब्द, तो काही मागे घेता येईना. त्याला अकरा वर्षं झाली होती. सुनंदा वर्षातून एकदा माहेरी येई. तिचं इंद्रपूरचं घर, तिची खोली, तिनं लावलेली जास्वंद, यातलं बापानं काही पाहिलं नव्हतं. नातू पाचवीत गेला होता आणि आजोबांना पत्रात ‘तुमचं विमान कधी सुटणार?’ असं विचारू लागला होता.

“सर,” ते उठताना म्हणाले, “आज गेलं तर माझ्या हयातीत परत येणार नाही.”

अकराच्या आत नगरपरिषदेचं सभागृह भरलं. खुर्च्या संपल्यावर लोक खिडक्यांत बसले. बाहेर बँडवाले गणवेशात तयार होते. निकाल लागल्यावर वाजवायचं की आधी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते मधूनमधून नुसतं फुंकून बघत होते. ‘विमान आमच्या हक्काचं’ असा फलक होता आणि त्याखाली कुणीतरी खडूनं ‘नाही कुणाच्या बापाचं’ हे नेहमीचं जोडलं होतं. माझ्याच वर्गातली मुलं मागं उभी राहून शिट्ट्या मारत होती. त्या दिवशी माझा अकराचा तास होता. एकूण एक विद्यार्थी हजर होता, फक्त वर्गात नव्हता.

तपासणी अधिकारी डिसूझा मॅडम, मूळच्या वसईच्या, चोख मराठी बोलणाऱ्या. त्यांनी हार घेतला, नारळ घेतला, शाल घेतली आणि लगेच म्हणाल्या, “आता अर्ज बघू.”

एवढ्यात दारापाशी गडबड झाली. गयाबाई ढवळे आल्या होत्या, बरोबर वीसेक बायका घेऊन. समितीच्या पहिल्या रांगेतल्या सभासदांकडे त्या एवढा वेळ बघत उभ्या राहिल्या की तीन सभासद उठले.

गयाबाई बोरगव्हाणच्या सरपंच. बोरगव्हाण हे नाव मी आत्ता सहज लिहिलं, पण तेव्हा हिवरगावात ते तोंडातून काढायची सोय नव्हती. धावपट्टी त्या गावाच्या गावठाणातून गेली. नव्वद घरं उठली आणि बाजूच्या माळावर जाऊन बसली. नंतर नगरपरिषदेनं ठराव केला की विमानतळाचं नाव हिवरगाव विमानतळ. गयाबाईंनी हरकत घेतली: जमीन आमची गेली, गाव आमचं उठलं, निदान पाटीवर नाव तरी आमचं लावा. दावा कोर्टात गेला आणि नगरपरिषदेचे वकील होते माणिकराव चौसाळकर. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं: कागदावर किंवा बोलण्यात एकदा जरी ते नाव आलं, तरी ती कबुली ठरेल. तेव्हापासून अख्खं हिवरगाव ‘तो भाग’ म्हणू लागलं. वकीलसाहेब स्वतः ‘सर्व्हे नंबर चौऱ्याहत्तर’ म्हणत. दहा वर्षांत सवय अशी लागली, की विमानतळ कुठे आहे हे मला माहीत होतं, पण ते बोरगव्हाणात आहे हे मला माहीत नव्हतं.

गयाबाई माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. नगरपरिषदेच्या शताब्दीला मी गावाचा मोठा भिंतीवरचा नकाशा काढून दिला होता. तो समोरच टांगलेला होता. उद्घाटनाच्या दिवशी या बाईनं त्याच्यावर बोट फिरवत मला विचारलं होतं, “सर, ह्यात आमचं गाव कुठंय?”

“स्केलमध्ये बसत नाही, मावशी.”

“विमानतळ तर बसलंय की.”

“विमानतळ मोठं असतं.”

त्या “व्हय, व्हय” म्हणाल्या होत्या आणि असंच हसल्या होत्या. मी तेव्हा कुणाशी तरी चहाबद्दल बोलायला वळलो होतो.

“अध्यक्ष महोदय,” डिसूझा मॅडम म्हणाल्या, “तुमचं अंतर एकशे सत्तेचाळीस पूर्णांक एक आहे. मग मी इथं का आले, हेच मला कळत नाही.”

सभागृहातून “अरेरे” असा आवाज आला. बाहेर बँडवाल्यांना तो जल्लोष वाटला. त्यांनी सुरुवात केली, त्यांना थांबवण्यात आलं.

वकीलसाहेब उभे राहिले. “मॅडम, रस्त्यानं अंतर दोनशे अडतीस आहे.”

“विमान रस्त्यानं जात नाही.”

“घाट आहे, मॅडम.”

“विमानाला घाट लागत नाही.”

“मॅडम, मानवतेच्या दृष्टीनं...”

“मानवतेचा रकाना यात नाही.” मॅडमनी चष्मा वर केला. “हा हिशेब कुणी केलाय?”

मी उभा राहिलो. माझ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी त्या ऐकवत नाहीत.

“सर, हे अक्षांश-रेखांश कुठले घेतलेत?”

“हिवरगावचे.”

“हिवरगावात कुठले?”

“घंटाघराचे. गावाची सगळी अंतरं तिथूनच मोजतात.”

मॅडमनी अर्ज टेबलावर ठेवला. “सर, विमान घंटाघरावरून उडणार आहे का?”

पंचवीस वर्षं शिकवल्यावर परीक्षेत आपणच नापास झाल्याचं कळावं, तसं मला झालं. घंटाघरापासून इंद्रपूर पूर्वेला. धावपट्टी पश्चिमेला. गावाच्या पार पलीकडे, सहा किलोमीटरवर, जवळजवळ एकाच रेषेत.

“नाही,” मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. “मॅडम, दहा मिनिटं द्या. फक्त दहा मिनिटं!”

“मला करडगावला...”

“पाच द्या!”

सभागृहाच्या फळ्यावर आदल्या सभेचा पाणीपट्टीचा विषय होता. तो मी बाहीनंच पुसला. माझ्या पिशवीत टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचा नकाशा होता, कॅल्क्युलेटर होता. मी धावपट्टीचा मध्य धरला, रेखांश काढला, आकडे लिहायला लागलो. मागं पूर्ण शांतता. भूगोलाच्या तासाला इतकी शांतता मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. पुढं तर कधीच नाही. खिडकीतला कुणीतरी बाहेरच्यांना धावतं वर्णन सांगत होता: “साइन काढला... आता कॉस काढतायत... सर परत मागं आले, काहीतरी खोडलं...”

उत्तर आलं. ते खोटं वाटून मी पुन्हा काढलं. तेच आलं. मी फळ्यावर लिहिलं: १५२.८.

खरं सांगतो, नंतर माझ्या मुलाच्या लग्नातही इतका आरडाओरडा झाला नाही. कुणीतरी मला उचललं. कुणीतरी माझा चष्मा उचलला. बँडवाल्यांनी परवानगीची वाट न बघता वाजवायला घेतलं. वकीलसाहेब दोन्ही हातांनी टेबल धरून फळ्याकडे बघत होते आणि ओठांतल्या ओठांत “बावन्न, बावन्न” म्हणत होते.

मॅडमनी कॅल्क्युलेटर मागून घेतला, स्वतः पडताळलं आणि मान डोलावली. मग त्यांनी पेन उघडलं. “ठीक. अर्जात दुरुस्ती करून घेते. विमानतळाचं ठिकाण. गाव?”

अख्खं सभागृह वकीलसाहेबांकडे वळलं.

“विमानतळ ज्या गावात आहे त्या गावाचं नाव सांगा.”

“हिवरगाव,” वकीलसाहेब म्हणाले.

“हिवरगावचं अंतर कमी भरतंय, अध्यक्ष महोदय. हा बिंदू आहे त्या गावाचं नाव?”

“सर्व्हे नंबर चौऱ्याहत्तर.”

“गाव?”

“तो भाग...”

मी त्यांच्या शेजारी येऊन बसलो होतो. तोंड उघडलं, तर टेबलाखाली वकीलसाहेबांचा बूट माझ्या पायावर आला. दहा वर्षं लढवलेला दावा त्या बुटात होता. नाव सांगितलं तर तो हरला. नाही सांगितलं तर विमान करडगावला गेलं.

“सर, तुम्ही सांगा,” मॅडम माझ्याकडे वळल्या.

“सर कसं सांगतील?” गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “त्यांच्या स्केलमधी बसत न्हाई.”

माझा पाय बुटाखालीच होता, पण मला जास्त लागलं ते हे.

“अध्यक्षांनीच सांगायचं,” मॅडम म्हणाल्या. “अर्जावरची सही त्यांची आहे. मला बारा वाजता निघायचंय.”

घड्याळात बाराला दहा कमी होते.

गयाबाई पदर खोचून उठल्या. “मॅडम, ह्यांना येतंय नाव. फकस्त घेता येत न्हाई. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई का, तसं हाय ते. लाजतेत.”

पहिल्या रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. मागून एक म्हातारी ओरडली, “मंग आडवू या की दारात! घ्या म्हनावं नाव!”

“नाव घ्या, वकीलसाहेब,” गयाबाई म्हणाल्या.

“हे सरकारी कामकाज आहे,” वकीलसाहेब म्हणाले.

“नाव घ्या!” वीस बायका एका सुरात म्हणाल्या.

“बाई, मी लेखी देईन. कोर्टाच्या बाहेर तडजोड करू. मसुदा करतो.”

“मसुदा नगं. कागदाला तुमी पाय फोडता, त्यो कुटंबी जातोय. चारचौघांत तोंडानं घ्या. आमची नव्वद घरं उठली, आमी काय मसुदा मागितला व्हता का?” मग त्यांचा आवाज उतरला. “लेकीचं घर बघायचं न्हाई का तुमाला?”

वकीलसाहेबांचा बूट माझ्या पायावरून निघाला.

आता अख्खं सभागृह ओरडत होतं. समितीचे सभासद, माझे विद्यार्थी, खिडकीतले, दारातले, हिवरगावात जन्मलेले, दहा वर्षं ‘तो भाग’ म्हणणारे लोक टाळ्यांच्या ठेक्यात “नाव घ्या! नाव घ्या!” करत होते. वकीलसाहेब घामाघूम झाले होते. त्यांनी कोट सारखा केला. डोळे मिटले. दोन मिनिटं जुळवाजुळव केली असावी, कारण ओठ हलत होते. मग त्यांनी हात वर केला, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसानं नव्या नवरीसारखं खाली बघत म्हटलं,

“डोंगराआड डोंगर, डोंगराला घाट,
बोरगव्हाणचं नाव घेतो, विमानाची बघतो वाट!”

पुढच्या गोंधळाचं वर्णन मला करता येणार नाही, कारण माझा चष्मा अजून परत मिळालेला नव्हता. बँडवाल्यांनी वरातीचं गाणं लावलं एवढं ऐकू आलं. डिसूझा मॅडमनी नाव लिहून घेतलं आणि विचारलं, “वा ला ह जोडलाय ना?” वकीलसाहेब म्हणाले, “व ला ह, मॅडम. मग काना, मग ण.” दहा वर्षं न उच्चारलेल्या नावाचं शुद्धलेखन त्यांना तोंडपाठ होतं.

मॅडम पाच मिनिटं उशिरा निघाल्या. करडगाववाल्यांनी त्यांच्यासाठी जेवण ठेवलं होतं. जेवण त्यांना मिळालं, विमान आम्हाला.

विमान यायला पुढं चौदा महिने लागले. एकोणीस आसनांचं होतं ते. पहिल्या दिवशी वकीलसाहेब नवा कोट घालून चढले आणि सदतिसाव्या मिनिटाला इंद्रपूरला उतरले. रिक्षा करून ते सुनंदाच्या दारात उभे राहिले तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते. सुनंदा ओल्या केसांनी दार उघडायला आली आणि बारा वर्षांनी पहिल्यांदा घरी आलेल्या बापाला म्हणाली, “बाबा, इतक्या लवकर?” मी बरोबर होतो. वकीलसाहेबांना युक्तिवाद न सुचल्याचा तो मला माहीत असलेला एकमेव प्रसंग.

ही सेवा अडीच वर्षं चालली. नंतर घाटात बोगदा झाला, एसटी साडेतीन तासांत जाऊ लागली आणि विमान दुसऱ्या कुठल्या तरी गावांना गेलं. धावपट्टीवर पुन्हा मिरच्या आल्या. पाटी मात्र आहे. ‘बोरगव्हाण विमानतळ’. हिवरगावची माणसं आता स्कूटर शिकायला बोरगव्हाणला जातो असं सांगतात.

पण पहिल्या दिवसाचं एक राहिलं. विमानात माझ्या शेजारी गयाबाई होत्या. पट्टा बांधून, दोन्ही हातांनी समोरची खुर्ची धरून. विमान उठलं तसं त्यांनी खिडकीला कपाळ टेकवलं. खाली माळावरची नव्वद घरं आली आणि गेली. मोजून चार सेकंद.

“गेलं?” त्यांनी विचारलं.

“गेलं.”

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून तिकीट काढलं. घडी उलगडून माझ्यापुढं धरलं.

“सर, हे इंग्रजीत हाय. ह्यात आमच्या गावाचं नाव हाय का बघा.”

मी चष्मा सारखा करून बघितलं. दोन आकड्यांच्या मधल्या फटीत, शाई जेमतेम उमटलेली.

“आहे, मावशी. पण अगदी बारीक अक्षरात.”

“बारीक असूद्या,” गयाबाई म्हणाल्या आणि तिकिटाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं. “बसलं ना?”